पडद्यामागचा फासा

स्पष्टच बोलतो, राग आला तर येऊ द्या. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये पडद्याआड आकडे बदलणारा डंजन मास्टर मला मान्य नाही. राक्षसाच्या हल्ल्याला वीस बाजूंच्या फाशावर पडले १९, सांगायचे ९. का, तर म्हणे गोष्ट बिघडू नये! अहो, गोष्ट कुणाची? टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांचीच ना?

खेळ आला १९७४ साली, गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा. १९७९च्या गाइडमध्ये खुद्द गायगॅक्सनेच फासा बाजूला सारायची मुभा दिलीय, हे तुम्ही सांगालच. पण मुभा म्हणजे रोजची सवय नव्हे. पात्र मरणारच नसेल, तर खेळाडूने जपून पाऊल टाकायचं कशाला? वेळेवर घेतलेली माघार, राखून ठेवलेला मंत्र, सगळंच फुकट.

२०१०च्या अपोकॅलिप्स वर्ल्डमध्ये तर खेळ चालवणारा फासे टाकतच नाही. पुढे काय होणार, ते त्यालाही खेळूनच कळतं. म्हणून गोष्ट रंगायची थांबते का?

मरण नको असेल तर आधी सगळ्यांना विचारा, नियम उघडपणे बदला. नाहीतर तो पडदा काढा आणि फासा सगळ्यांसमोर टाका.