देहाचा घाट आणि देहाचे बळ

चातुर्मासातील प्रवचन संपते, श्रावक-श्राविका पायऱ्यांपाशी आपापल्या वहाणा शोधू लागतात आणि करमाळ्यासारख्या गावात एकमेकांच्या प्रकृतीची विचारपूस सुरू होते. पोट सुटलेल्या गृहस्थांना ‘तब्येत सुधारली’ असे कौतुकाने म्हटले जाते. शिकायला बाहेरगावी असलेल्या मुलाला ‘किती वाळलास’ म्हणून हळहळ वाट्याला येते. अंगाने भरलेल्या मुलीच्या आईला ‘स्थळे पाहायच्या आधी थोडे कमी करा’ असा सल्ला मिळतो, तर सडपातळ व्यापाऱ्याला ‘तुम्हाला काय होणार आहे?’ असे प्रशस्तिपत्र मिळते. चारही अभिप्राय केवळ डोळ्यांनी दिलेले असतात, आणि त्यांतील शेवटचा सर्वांत धोक्याचा असतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो बॉडी मास इंडेक्स येतो, तो दोघांचाही २२.३ होता. तराजूच्या दृष्टीने दोघे सारखेच. परंतु देहातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजन समान असूनही एकाच्या देहात स्नायू अधिक होते, दुसऱ्याच्या देहात मेद.

याचे मूळ जन्माआधी शोधावे लागते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. गावाकडच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, मात्र त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. किरकोळ दिसणाऱ्या भारतीय माणसाला मधुमेह का गाठतो, याचे एक उत्तर येथे मिळते. म्हणूनच जगात जाड ठरण्याची मर्यादा २५ धरली जात असता भारतीयांसाठी ती २३ वर आणली गेली.

याचा अर्थ लठ्ठपणा निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही. अतिरिक्त मेद गुडघ्यांना, हृदयाला आणि स्वादुपिंडाला भारी पडतोच. पण कमलाभवानीच्या मंदिराजवळची शहाण्णव पायऱ्यांची बारव कोणाला एका दमात चढता येईल, हे काठावर उभे राहून सांगता येत नाही. रोज चालणारी, घरकाम आणि सेवा करणारी स्थूल स्त्री कदाचित सहज वर येईल. दिवसभर गादीवर बसणारा सडपातळ गृहस्थ मध्येच थांबेल.

जैन कर्मसिद्धान्ताच्या अभ्यासकाला हा भेद नवा वाटू नये. तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायात नामकर्माच्या प्रकृती सांगताना ‘संस्थान’ आणि ‘संहनन’ ही दोन नावे वेगवेगळी येतात. संस्थान म्हणजे देहाचा आकार, समचतुरस्रापासून हुंडकापर्यंत सहा प्रकारचा. संहनन म्हणजे अस्थिबंधाची दृढता, तीही सहा प्रकारची. रोगाची वेदना तर नामकर्माकडे नाहीच; ती असाता वेदनीयाच्या उदयाकडे सोपविली आहे. घाट, बळ आणि व्याधी ही तीन निराळी खाती आहेत. सनत्कुमार चक्रवर्तीची कथाही हेच सांगते. ज्याचे रूप पाहण्यास देव उतरले, त्याच देहात रोगांनी घर केले होते, आणि ते कळताच त्याचा रूपाचा गर्व गळून पडला.

मग पाहावे काय? प्रथम कमरेचा घेर. श्वास सोडून, शिंप्याची टेप पोटावर न आवळता मोजावा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही भारतीयांसाठीची मर्यादा आहे. दुसरे म्हणजे रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर. ती १०० ते १२५ असेल तर सावध व्हावे, १२६ किंवा अधिक आली तर पुन्हा तपासून उपचार सुरू करावेत. तिसरी गोष्ट शाकाहारी घरांनी विशेष ध्यानी घ्यावी. पुण्याच्या याच अभ्यासात मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली. पायांना मुंग्या येणे, थकवा, विसराळूपणा ही तिची लक्षणे असू शकतात. ती ना जाडीत दिसतात ना बारीकपणात. दूध-दही नियमित असावे आणि वैद्यकीय सल्ल्याने पूरक औषध घ्यावे. कॅप्सूलच्या वेष्टनात जिलेटिन असण्याचा संभव असल्याने गोळी मागून घ्यावी.

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे, यात तपाची हानी नाही. भुकेपेक्षा चार घास कमी खाण्याचे ऊणोदरी हे तपही बाह्य तपांतच गणले आहे आणि ते वर्षभर, जाड-बारीक सर्वांना आचरता येते. किती कमी खावे एवढे मात्र मधुमेहींनी डॉक्टरांना विचारून ठरवावे.

पुढच्या प्रवचनानंतर त्या पायऱ्यांवर ‘तब्येत सुधारली’ ऐवजी ‘तपासणी केली का?’ एवढेच विचारले गेले, तरी एखाद्या मुलीचा अपमान टळेल आणि एखाद्या सडपातळ व्यापाऱ्याचे डोळे, मूत्रपिंड वाचतील. वाणीचा संयम आणि जीवदया, दोन्ही त्या एका प्रश्नात साधतात.