गिरिभ्रमण : हौस आणि हिशेब

दिवाळीच्या सुट्टीनंतर महाविद्यालय उघडले आणि पहिल्याच आठवड्यात जिन्याजवळच्या सूचनाफलकावर एक रंगीत पत्रक झळकले. बर्फाने मढलेले शिखर, त्यापुढे हात उंचावून उभे असलेले चार तरुण आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर : ‘हिमालयातील पदभ्रमण. राहणे, जेवण, वाटाडे, हमाल सर्व समाविष्ट. पूर्वानुभवाची आवश्यकता नाही.’ त्या पत्रकाभोवती जी गर्दी जमली तशी परीक्षेच्या वेळापत्रकाभोवतीही जमत नाही. दुपारपर्यंत आमच्या वर्गातील अकरा जणांनी नावे देण्याचे ठरवले होते. मलाही विचारणा झाली. मी म्हटले, ‘विचार करून सांगतो.’ त्या विचाराचाच हा लेख आहे.

नौपाड्यातल्या मुलाला डोंगर अगदीच परका नाही. ज्या गच्चीपुढे अजून मोठी इमारत उभी राहिलेली नाही, तिच्यावरून येऊरची रांग दिसते. शनिवारी रात्री पाठीवर पिशव्या घेतलेली टोळकी गोखले रोडने स्टेशनकडे निघालेली दिसली, की शेवटची कसारा लोकल गाठायची घाई आहे हे कोणीही ओळखतो. तेव्हा हिमालयाचे आकर्षण वाटले तर त्यात गैर काहीच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की त्या पत्रकातील शेवटचे वाक्य खोटे आहे, आणि ते आपल्याला आवडते म्हणूनच ते तिथे छापलेले असते.

प्रथम शरीराचा हिशेब पाहू. आपल्या महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई. त्याची उंची 1646 मीटर. तिथे दम लागतो तो चढामुळे; हवा विरळ आहे म्हणून नव्हे. समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार मीटरवर मात्र हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो आणि प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. शरीर याची सवय करून घेते, पण त्याला वेळ लागतो. म्हणून डॉक्टरांनी घालून दिलेला दंडक असा आहे, की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे.

हा दंडक एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळाला लावून पाहा. लुक्ला 2860 मीटरवर. तिथून थोडे उतरून फाकडिंगला पहिला मुक्काम, दुसऱ्या दिवशी नामचे बाजार, 3440 मीटर. तिथे एक दिवस थांबायचे. मग तेंगबोचे, मग 4410 मीटरवरचे दिंगबोचे, तिथे पुन्हा एक दिवस विश्रांती. त्यानंतर लोबुचे, गोरखशेप आणि 5364 मीटरवरचा तळ. म्हणजे तळाचे दर्शन आठव्या दिवशी. यातले विश्रांतीचे दोन दिवस काढून टाकले की सहल सहा दिवसांत बसते आणि स्वस्तही होते. दोन पत्रकांपैकी एक स्वस्त दिसले तर आपण जेवणात काय कमी आहे हे पाहतो. दिवस किती कमी आहेत हे आपण पाहत नाही. आणि चढाईला लागलेल्या डोकेदुखीकडे दुर्लक्ष करून वर जात राहिले तर फुफ्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचून माणूस दगावू शकतो. व्यायामशाळेत कमावलेले दंड इथे उपयोगी पडत नाहीत. धडधाकट तरुण अधिक वेगाने वर जातो, म्हणून उलट त्याचाच धोका वाढतो.

यावर एक उत्तर ठरलेले असते : ‘बरोबर वाटाडे असतात ना!’ वाटाड्या हवाच, याबद्दल माझा वाद नाही. पण वाटाड्या बरोबर असूनही काय घडू शकते याची उदाहरणे आहेत. 1996 च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर एका वादळात आठ जण मेले. त्यांत पैसे घेऊन गिर्हाइकांना वर नेणाऱ्या दोन तुकड्यांचे नेतेही होते, आणि दोघेही जगातल्या नामांकित गिर्यारोहकांपैकी होते. दुपारी फार तर दोन वाजता मागे फिरावे असा दंडक असताना काही जण दोन वाजून गेल्यावरही वर चढत राहिले. 2014 च्या ऑक्टोबरात नेपाळमध्ये अन्नपूर्णा परिसरात, 5416 मीटर उंचीच्या थोरोंग खिंडीच्या आसपास हिमवादळात चाळीसहून अधिक माणसे गेली. त्यांत प्रवासी होते तसे वाटाडे आणि हमालही होते. ते वादळ आले हुदहुद या चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या जोरातून, आणि हुदहुद दोनच दिवस आधी विशाखापट्टणमला धडकल्याची बातमी सर्व वर्तमानपत्रांत होती. 2024 च्या जून महिन्यात उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून गेलेल्या बावीस जणांच्या तुकडीतील नऊ जण थंडीवाऱ्यात मरण पावले. या तिन्ही ठिकाणी वाट दाखवणारे होते. वाट दाखवणे ही एक गोष्ट आहे आणि कधी थांबायचे हे सर्वांनी मान्य करणे ही दुसरी.

हे मी कोणाला शहाणपण शिकवण्यासाठी लिहीत नाही, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. गेल्या वर्षी आम्ही आठ जण अलंग, मदन आणि कुलंग या तीन किल्ल्यांवर गेलो होतो. कळसूबाईच्या रांगेतले हे त्रिकूट तीन दिवसांचे आहे. कुलंगचा चढ लांबलचक, पण त्याला दोर लागत नाही. अलंग आणि मदनला मात्र वाटेतल्या पायऱ्या तुटल्यामुळे कातळ चढावा लागतो. आंबेवाडीतील एक वयस्कर गृहस्थ आमचे वाटाडे होते. आम्ही त्यांना मामा म्हणत होतो. पहिला मुक्काम कुलंगच्या गुहेत पडला. पहाटे अवकाळी पाऊस आला आणि तासाभरात थांबला. आभाळ स्वच्छ झाले. आम्ही दोर काढले तर मामा चूल पेटवत बसलेले. म्हणाले, ‘आज मदन नको. दगूड वला हाये.’

आम्ही वाद घातला. सोमवारी आमच्यापैकी तिघांना प्रकल्प सादर करायचा होता, म्हणजे थांबून दुसऱ्या दिवशी चढणे शक्य नव्हते. शेवटी आमच्यातला एक जण बोलून गेला, ‘मामा, तिन्ही किल्ल्यांचे पैसे ठरलेत आपले.’ तो एक जण मीच. मामा रागावले नाहीत. म्हणाले, ‘एका गडाचं पैसं नका देऊ, पोरांनो. दोर माझा हाये, पन पाय तुमचं हायेत.’ आम्ही मुकाट्याने खाली उतरलो. परतीच्या लोकलमध्ये कोणी फारसे बोलले नाही.

पुढे कित्येक दिवस मला वाटत होते, की माझी चूक उद्धटपणाची होती. ती होतीच, पण खरी चूक त्याच्या आधी, नौपाड्यात बसून बेत आखताना झाली होती. आमच्या बेतात राखीव दिवस नव्हता. तीन किल्ले आणि तीन दिवस असे गणित मांडताना पाऊस, दुखावलेला पाय, उशिरा आलेली जीप यांना आम्ही जागाच ठेवली नव्हती. ज्या बेतात मागे फिरायला जागा नाही, त्यात वाटाड्याने कितीही शहाणपणाचे सांगितले तरी ते आपल्याला अडथळ्यासारखे वाटते. त्या दिवशी मामांनी एका गडाचे पैसे सोडण्याची तयारी दाखवली. पोटासाठी डोंगर चढणाऱ्या प्रत्येक माणसाला हे परवडेल काय? त्याला ‘नाही’ म्हणणे परवडेल अशी बोली आधीच करणे हे आपले काम आहे. शिखर झाले नाही तरी ठरलेली मजुरी पूर्ण मिळेल, असे निघण्यापूर्वीच सांगितले पाहिजे.

हमालांचेही तेच. पत्रकात ‘हमाल समाविष्ट’ असे लिहिलेले असते, जणू तोही तंबूसारखाच सामानाचा एक भाग. नेपाळात हमालाच्या पाठीवर तीस किलोपेक्षा अधिक ओझे नसावे असा संकेत आहे. आपल्या सहलीत किती असते? त्याच्या पायांत बूट असतात काय? रात्री तो कुठे झोपतो? त्याचा विमा कोणी उतरवला आहे काय? आपल्या अर्थशास्त्राच्या तासाला श्रमाच्या मोलावर आपण पानेच्या पाने लिहितो. मग हे प्रश्न विचारताना संकोच का वाटावा?

आता दुसऱ्या बाजूचे दोन आक्षेप. पहिला काही प्राध्यापकांचा आणि पुष्कळशा पालकांचा : एवढे धोके आहेत तर जायचेच कशाला? कुठे अपघात झाला, की सहली बंद कराव्यात असा सूर लागतो. मुलींच्या बाबतीत तर हा सूर आणखी चढतो. मला आदरपूर्वक म्हणायचे आहे, की बंदीने मुले जायची थांबत नाहीत. ती न सांगता जातात, आणि मग त्यांच्याबरोबर जाणता माणूसही नसतो. पालकांच्या सहीचे हमीपत्र घेतले म्हणजे सुरक्षितता आली असेही नाही. हमीपत्राने अपघातानंतर दोष कोणाचा एवढेच ठरते. 2021 साली महाराष्ट्र शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि असे उपक्रम चालवणाऱ्यांनी नोंदणी करावी असे ठरवले, हे चांगलेच झाले. पण नोंदणी आहे की नाही हे विचारणारा विद्यार्थी तरी हवा ना!

दुसरा आक्षेप मित्रांचा : आम्हाला गिर्यारोहक व्हायचे नाही, आयुष्यात एकदा बर्फ पाहायचा आहे. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? हा आक्षेप मला अधिक पटतो. प्रत्येकाने दोरखंडाचे शास्त्र शिकावे असे मी म्हणत नाही. पण बर्फ तुम्हाला हौशी आणि मी अनुभवी असा भेद करणार नाही. आणि जे थोडेफार शिकायचे आहे ते इथे, घरापासून चार तासांवर, लोकलच्या भाड्यात शिकता येते. सह्याद्री विरळ हवेची सवय लावू शकत नाही हे खरे. पण पाणी किती न्यावे, ओझे कसे बांधावे, सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने कसे चालावे, थकल्यावर मित्राशी कसे बोलावे आणि ‘मला जमत नाही’ हे वेळीच कसे सांगावे, हे सारे तो शिकवतो. पुण्यात 1982 साली स्थापन झालेल्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे आठ गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत 2012 साली एव्हरेस्टवर पोहोचले आणि 2019 साली याच संस्थेचे दहा जण कांचनगंगेवर उभे राहिले. स्थापनेपासून एव्हरेस्टपर्यंत तीस वर्षे गेली.

म्हणून माझी सूचना अशी. हिमालयाला जायचेच, पण एका वर्षाने. या वर्षभरात वनखात्याचे नियम पाळून येऊरला चालण्याचा सराव करावा. पावसाळा संपला की बारीच्या वाटेने कळसूबाई करावी. हिवाळ्यात तीन दिवसांचा एखादा ट्रेक करावा, आणि त्याला चौथा दिवस राखून ठेवावा. ज्यांची ओढ खरी आहे त्यांनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम करावा. भूगोल विभागाने आम्हाला समोच्च रेषांचा नकाशा वाचायला शिकवावा. परीक्षेत आम्ही तो काढतो, पण डोंगरात हातात दिला तर उलटा धरतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी खर्चाचे अंदाजपत्रक करावे आणि त्यात वाटाड्याची पूर्ण मजुरी व हमालाचा विमा हे पहिले रकाने असावेत.

आणि जाहिरातदाराला पत्र लिहून काही प्रश्न विचारावेत. तीन हजार मीटरच्या वर मुक्काम किती आणि विश्रांतीचे दिवस किती? राखीव दिवस आहे काय? किती मुलांमागे एक वाटाड्या, आणि त्याचे प्रशिक्षण कुठे झाले? कोणी आजारी पडला तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार? हवामानाची खबर रोज कशी मिळणार? मागे फिरण्याचा निर्णय कोणाचा, आणि तो झाल्यास पैशांचे काय? ज्याची उत्तरे सरळ येतील त्याच्याबरोबर जावे. जो ‘काळजी करू नका’ एवढेच म्हणेल त्याला नमस्कार करावा.

त्या फलकावरच्या पत्रकाखाली मी अजून नाव दिलेले नाही. त्याऐवजी वरील प्रश्नांचा कागद तयार केला आहे. अकरापैकी सहा जणांनी त्यावर सह्या केल्या. उरलेल्या पाचांनी मला भित्रा ठरवले. त्यांच्याशी मी रोज कॅन्टीनमध्ये वाद घालतो आहे, आणि येत्या शनिवारी कळसूबाईला आम्ही बाराही जण एकत्र जाणार आहोत. रविवार रात्रीची परतीची वेळ ठरली आहे. सोमवार मोकळा ठेवला आहे.