शुक्रवारी आंबट वर्ज्य

‘या शुक्रवारी कुठेही जायचं नाही, घरीच निवांत सिनेमा बघायचा’ हा ठराव हल्ली बऱ्याच घरांत बुधवारीच मंजूर होतो. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याला भराभर अंगठेही मिळतात. खाण्याचा मुद्दा चुटकीसरशी सुटतो, कारण पावभाजीला विरोधी पक्ष नाही. कोणता सिनेमा, हा प्रश्न मात्र महापालिकेतल्या विषयासारखा ‘पुढील बैठकीत’ ढकलला जातो. ती बैठक शुक्रवारी रात्री साडेआठला, भाजी तव्यावर तयार असताना भरते.

रिमोट हातोहात फिरू लागतो. हा रडका आहे. हा पाहिलाय. हा दुसरा भाग आहे, आधी पहिला बघावा लागेल. यात शिव्या आहेत, आजी बसलीय. (आजीचं म्हणणं, मला चालतात, पण मला कुणी विचारत नाही.) सव्वानऊपर्यंत भाजीने तव्याच्या कडेला पापुद्रा धरलेला असतो, चिरलेल्या कांद्याला पाणी सुटलेलं असतं आणि भाजलेले पाव चामट झालेले असतात. ‘ठरलं की हाक मारा’ हे स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा ऐकू येतं, तेव्हा त्या आवाजात निवांतपणा औषधालाही नसतो.

सिनेमे फार झालेत, म्हणून निवडता येत नाही, असं यावर सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. ज्यांना ठरवता येत नाही त्यांच्यासाठी नेटफ्लिक्सने २०२१ साली एक बटण आणलं. ते दाबलं की कंपनीच काहीतरी लावून द्यायची. २०२३ उजाडता उजाडता ते गुंडाळावं लागलं, कारण ते वापरणारेच फार थोडे निघाले. म्हणजे निवडीचा हक्क आपल्याला सोडवत नाही. नको असते ती निवडीची जबाबदारी. सिनेमा भिकार निघाला की ‘हा कुणी लावला?’ या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर देणारा शेजारीच गादीवर बसलेला असतो.

१९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा ही अडचण नव्हती. रविवारी संध्याकाळी जो सिनेमा लागे तो लागे. कंटाळवाणा असला, मध्येच बातम्या आल्या, तर अख्खं घर, शिवाय ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता म्हणून येऊन बसलेले शेजारी, सगळे मिळून दूरदर्शनला नावं ठेवत. बोल लावायला बाहेरचं कुणीतरी होतं, म्हणून घरात शांतता होती. आज ते खातंच बंद झालं आहे.

शुक्रवार, सिनेमा आणि खाणं यांची सांगड तर आपल्याकडे त्याहून पक्की होती. ‘जय संतोषी माँ’ १९७५ साली आला आणि शुक्रवारचं व्रत घरोघरी पोहोचलं. बायका थिएटरच्या दारात चपला काढून आत जात. सिनेमा ठरलेला, प्रसाद ठरलेला: गूळ आणि चणे. नियमही एकच, आंबट खायचं नाही. काय बघू आणि काय खाऊ, यावर एक मिनिटही वाया जात नसे.

तो काळ परत आणा, असं कुणी म्हणणार नाही. लिंबू न पिळलेली पावभाजी आम्हालाही चालायची नाही. पण भिशी चालवणाऱ्या घरांना उपाय शिकवायला नको. वाटीत सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात, आजीचीही. बुधवारीच एक उचलावी. जिचं किंवा ज्याचं नाव निघेल, त्याचा सिनेमा. ज्यांची नावं निघाली नाहीत, त्यांनी त्या शुक्रवारी भाजी ढवळावी, पाव भाजावेत आणि शेवटी तवा घासावा. सिनेमा कसाही निघो, व्रताचा जुना नियम तेवढा पाळावा, फक्त ताटाऐवजी तोंडाला लावून: शुक्रवारी आंबट वर्ज्य. मनातलं बोलायला शनिवार आहेच.