६० मीटरसाठी सोलापूरला छप्पर नको, अचूक घड्याळ हवे

जागतिक इनडोअर अॅथलेटिक्स स्पर्धेतील पुरुषांची ६० मीटर शर्यत मोबाइलवर बघायला घेतली, तर चहाचा एक घोट घेईपर्यंत संपते. मार्च २०२५ मध्ये चीनमधील नानजिंगला ब्रिटनच्या जेरेमाया अझूने ती ६.४९ सेकंदांत जिंकली. ऑस्ट्रेलियाचा लॅकलन केनेडी ६.५० सेकंदांसह दुसरा आला. २०२२ मध्ये बेलग्रेडला तर इटलीचा मार्सेल जेकब्ज आणि अमेरिकेचा ख्रिश्चन कोलमन या दोघांचीही वेळ ६.४१ सेकंद होती. जेकब्जला सुवर्ण मिळाले ते सेकंदाच्या तीन सहस्रांश फरकाने.

अशी शर्यत पाहिली की ‘आपल्याकडे इनडोअर ट्रॅक कधी होणार?’ असा प्रश्न हमखास निघतो. भुवनेश्वरला तो आहे, सोलापुरात नाही. पण सोलापूरच्या मुलांचे खरे अडते ते दुसरीकडेच.

छताखाली वेगळे काय?

इनडोअर ट्रॅक २०० मीटरचा असतो आणि ६० मीटरची शर्यत मधल्या सरळ पट्ट्यावर होते. वारा नसतो. सगळा खेळ सुरुवातीचा. गोळीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत धावपटू ब्लॉकवरून हलला, तर ती चुकीची सुरुवात धरतात आणि तो बाद होतो. उशिरा सुटला, तर भरून काढायला अंतर उरत नाही. नोआ लाइल्स २०२४ मध्ये ग्लासगोला ६० मीटरमध्ये कोलमनच्या मागे राहिला. त्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकच्या १०० मीटरमध्ये तो अगदी सावकाश सुटला, तरीही सुवर्ण त्याचेच. पुढचे ४० मीटर त्याच्या मदतीला आले.

चीनचा सू बिंगतियान जेमतेम १७२ सेंटिमीटर उंचीचा. सुरुवातीला पुढे ठेवायचा पाय बदलण्यापासून त्याने तयारी केली आणि २०१८ मध्ये ६.४२ सेकंदांत जागतिक इनडोअर रौप्य मिळवले. असा सराव करायला छप्पर लागत नाही. ब्लॉक, बरा सरळ पट्टा आणि जाणता प्रशिक्षक लागतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो सकाळी लवकर उरकावा लागेल, एवढेच.

आवाज ऐकला, बटण दाबले

खरी गोम वेळ मोजण्यात आहे. हातातल्या स्टॉपवॉचने वेळ घेणाऱ्याने बंदुकीचा धूर किंवा ठिणगी पाहून बटण दाबायचे असते. शाळेच्या मैदानावर अनेकदा शिट्टी किंवा टाळीच असते, मग ऐकूनच बटण दाबले जाते. आवाजाला ६० मीटर यायला सुमारे ०.१७ सेकंद लागतात. १०० मीटरला जवळपास ०.३. तेवढा वेळ मुलाला फुकट मिळतो. हाताने घेतलेली १०० मीटरची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडताना त्यात ०.२४ सेकंद मिळवण्याचा प्रघात आहे.

जिल्हा स्पर्धेत नंबर महत्त्वाचा, वेळ नाही, असे यावर सांगितले जाते. अंतिम शर्यतीपुरते ते खरे. पण वेगवेगळ्या हीटमधली मुले निवडायची कशी? आणि वर्षभर घाम गाळून एखाद्याची वेळ ०.१ सेकंदाने सुधारली, तर हातातल्या घड्याळाला ते कळतच नाही. त्याची स्वतःची चूकच त्याहून मोठी असते. जिल्ह्यात ‘११ सेकंदांचा’ म्हणून गाजलेला मुलगा मग विभागीय किंवा राज्य स्पर्धेत कॅमेऱ्यासमोर ११.३ चा ठरतो, आणि घरचे म्हणतात, ऐनवेळी कच खाल्ली. त्याने कच खाल्लेली नसते. त्याची खरी वेळ त्याला पहिल्यांदाच कळलेली असते!

हे फक्त पदकापुरते नाही. पोलिस शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत १०० मीटर धावण्याला १५ गुण आहेत. पहाटे मैदान गाठणाऱ्या कितीतरी मुलांचा हिशेब मित्राच्या मोबाइलमधल्या स्टॉपवॉचवर चालतो. तिथेही तोच फुगवटा.

त्यामुळे सोलापुरात धावण्यावर पैसा खर्च करायचा असेल, तर पहिली खरेदी इलेक्ट्रॉनिक टायमिंगचा एक संच आणि ब्लॉकच्या काही जोड्या ही असावी. संच हलवता येतो. आज शहरात, पुढच्या आठवड्यात बार्शी, पंढरपूर, अकलूज. तो चालवायला दोन-तीन क्रीडाशिक्षकांना शिकवावे लागेल, नाहीतर संच खोक्यातच राहील. महिन्यातून एक सकाळ ठरवून नाव नोंदवलेल्या प्रत्येक मुलाची ६० आणि १०० मीटरची वेळ घ्यावी आणि ती मैदानाच्या फलकावर लावावी.