बाबांचा हौद आणि माझं गणित

दिवाळीच्या सुट्टीत सुरतला घरी गेले तेव्हा मागच्या वाड्यात एक नवा सिमेंटचा हौद दिसला. शेजारी विटांवर ठेवलेला, उभा चिरलेला प्लास्टिकचा निळा ड्रम आणि त्यात खडी. बाबा हौदाच्या कडेला उकिडवे बसले होते. पाण्यावर आठ-दहा गोल्डफिश पोट वर करून तरंगत होते. "वीस आणले होते," एवढंच ते म्हणाले.

आमचं घर डिंडोलीत आहे. हा भाग म्हणजे जवळजवळ खानदेशच. नंदुरबार, धुळे, जळगावकडून लूमवर कामाला आलेली माणसं इथे, लिंबायतमध्ये, उधन्यात भरलेली आहेत. बाबाही तीस वर्षं उधन्याच्या एका खात्यात लूम चालवत होते. शेठने जुने लूम भंगारात काढून नवीन हायस्पीड मशीन आणल्या आणि त्यांना माणसं कमी लागतात. हातात थोडे पैसे आले, काम गेलं. मग मोबाइलवर व्हिडिओ बघणं सुरू झालं आणि त्यातून हे निघालं: अ‍ॅक्वापोनिक्स. खाली मासे, वर भाजी. माती नको, खत नको, पाणी फार थोडं. दोन दिवसांचं ट्रेनिंग आणि सगळं सामान मिळून पंच्याऐंशी हजारांचं पॅकेज एकजण द्यायला तयार होता. हौद ही त्या आधीची ट्रायल होती.

मी मराठी घेऊन बीए करते, मला माशांतलं काय कळणार? पण घरातले पंच्याऐंशी हजार म्हटल्यावर माणूस वाचायला लागतो. सुट्टीभर वाचलं आणि त्यातून माझं जे मत झालं ते इथे मांडते आहे. कारण आपल्या कॉलेजातही गच्चीवर 'असलं काहीतरी' करायची चर्चा मी दोनदा ऐकली आहे.

आधी मासे का मेले ते सांगते. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. तो माशांना विष आहे. पाण्यातले एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात (तेही वाईटच) आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना फारसं बाधत नाही आणि झाडांना तर तेच हवं असतं. म्हणजे मासे आणि भाजी यांच्यामध्ये तिसरा कामगार आहे आणि तो दिसत नाही. तो खडीवर, पाइपच्या आतल्या बाजूला वस्ती करतो. ती वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. बाबांनी त्याला एक दिवसही दिला नव्हता. त्यात हौद नवा, नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, पाणी अल्कधर्मी होतं आणि अशा पाण्यात अमोनिया जास्त जहाल होतो. वरून नळाचं क्लोरीनचं पाणी थेट भरलेलं. वीसपैकी नऊ जगले हेच नवल.

यावर उपाय अवघड नव्हते. हौद तीन-चार वेळा भरून रिकामा केला. नळाचं पाणी दोन दिवस उघड्या टपात ठेवून मग ओतलं. खडीचे चार खडे व्हिनेगरमध्ये टाकून पाहिले. बुडबुडे आले तर ती चुनखडी, ती नको. आमच्या खडीला नाही आले. नऊ मासे तोवर आजीच्या पितळी घंगाळात राहिले, त्यावरून घरात जे झालं ते लिहीत नाही.

आता गणित. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१४ मध्ये छोट्या अ‍ॅक्वापोनिक्सवर एक जाडजूड मार्गदर्शिका काढली आहे, नेटवर फुकट मिळते. तिचा हिशेब माशांच्या संख्येवर चालत नाही, रोजच्या खाद्यावर चालतो. एक चौरस मीटर पालेभाजीला माशांना रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य घालावं लागतं. टोमॅटो-वांग्यासारखी फळभाजी असेल तर ५० ते ८० ग्रॅम. मोठा मासा दिवसाला आपल्या वजनाच्या एक-दोन टक्के खातो. आमच्याकडे नंतर आणखी तीन आणून बारा गोल्डफिश झाले. एकेक साधारण तीस ग्रॅमचा धरला तर सगळ्यांचं मिळून रोजचं खाणं पाच ग्रॅम, म्हणजे एक चिमूट. त्यावर किती भाजी? एक फूट बाय एक फूट. कोथिंबिरीची एक जुडी!

हे मी बाबांना वहीत मांडून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ वही बघत बसले. मग म्हणाले, "मासे वाढवू." बरं, वाढवू. शंभर चौरस फूट पालक-मेथी करायची तर रोज चारशे-साडेचारशे ग्रॅम खाद्य हवं. ते खायला तीसेक किलो मासे हवेत. हजार लिटरला वीस किलोच्या वर मासे घालू नयेत असं तीच मार्गदर्शिका सांगते, म्हणजे दीड हजार लिटर पाणी, दिवसरात्र पंप, हवा सोडायचं मशीन आणि लाइट गेली तर इन्व्हर्टर. सुरतच्या मे महिन्यात पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, अशा वेळी दुपारी दोन-तीन तास पंप बंद पडला की खेळ खलास. आणि एवढं करून हाताला येणार मेथी, जी हिवाळ्यात सरदार मार्केटमध्ये ढिगाने पडलेली असते.

'खत नको' हे वाक्य तर मला सरळ फसवं वाटतं. खत आहेच, ते माशांच्या खाद्याच्या पिशवीतून येतं. त्या पिशवीत सोयाबीनची पेंड असते, पुष्कळदा समुद्रातली बारीक मासळी सुकवून केलेली भुकटी असते. ती विकतच आणायची. शिवाय लोह, पोटॅश, चुना यांची कमतरता खाद्याने भरून निघत नाही, ते वेगळं घालावं लागतं. पाणी वाचतं हे मात्र खरं आहे. तेच पाणी फिरत राहतं, उडेल आणि झाडं पितील तेवढंच भरायचं.

मग हे कुठे परवडतं? कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन बेटांवरच्या विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी तिलापिया मासे आणि तरंगत्या तराफ्यांवरची भाजी यांवर वर्षानुवर्षं काम केलं. बेटावर गोडं पाणी कमी, भाजी बाहेरून जहाजाने येणार. तिथे हे शहाणपणाचं आहे. आपल्याकडचं उदाहरण कोलकात्याच्या पूर्वेचं. शहराचं सांडपाणी तिथल्या भेड्यांमध्ये, म्हणजे मोठ्या तळ्यांमध्ये, जातं, त्यावर मासे वाढतात, आसपास भाजी पिकते. २००२ मध्ये त्या पाणथळींना रामसर यादीत जागा मिळाली. तिथे माशांचं खाणं शहर फुकट पुरवतं, सगळं गणित तिथेच बदलतं. पॅकेजवाला आपल्याला फक्त पाइप विकतो, फुकटचं खाणं विकत नाही.

आणि खरं सांगू का, अर्धी गोष्ट आपल्याला आधीच माहीत होती. मोरीचं पाणी जिथे जातं तिथे अळू लावायचं, त्याच्यापुढे केळ. हे कुणी कोर्स करून शिकलं नाही. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आणली, त्यानंतर किती तरी शेतकऱ्यांनी शेततळ्यात रोहू-कटला सोडले आणि तेच पाणी पिकाला दिलं. पाणी परत तळ्यात आणायची खटपट नाही. मासे मातीला खत देतात, माती बाकीचं सांभाळते. माझं म्हणणं असं की घरामागच्या छोट्या हौदाला हीच रीत बरी. आठवड्याला हौदातलं चार-पाच बादल्या पाणी काढायचं, कुंड्यांना घालायचं, तेवढं मुरवलेलं पाणी परत भरायचं. यात लाइट गेली म्हणून भाजी मरत नाही. खडीचा ड्रम हवा तर ठेवा, पाणी गाळायला तो उत्तम आहे. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत गोल्डफिश, कोय आणि पाणपालक एकत्र वाढवायचे प्रयोग झालेले आहेत, त्यामुळे शोभेच्या माशांवर भाजी येत नाही असं मी अजिबात म्हणत नाही. येते. धंदा होत नाही.

हे सगळं बरोबर असूनही मी एक चूक केली. वही दाखवताना मी फक्त 'हे परवडणार नाही' एवढंच तीन-तीनदा सांगत राहिले. बाबा शेवटी चिडून म्हणाले, "परवडायला कोण बसलंय? दिवसभर करू काय ते सांग." शहाद्याकडची जमीन काकांकडे आहे, तीस वर्षं कानात लूमचा खडखडाट, आणि आता घरात शांतता. ती शांतता माझ्या हिशेबात कुठे धरलेलीच नव्हती. पॅकेज घेऊ नका हे माझं मत आजही तेच आहे आणि कॉलेजच्या गच्चीवरही महागडा सांगाडा उभा करण्याआधी कुणीतरी रोजच्या खाद्याचा हिशेब मांडावा. पण मार्गदर्शिकेच्या त्या सगळ्या पानांत रोज सकाळी हौदाशी बसणाऱ्या माणसाचा रकाना नाही.

पॅकेज घेतलं नाही. बाबा सध्या ओळखीच्या एका गोदामात अर्धा दिवस बसतात. ड्रममध्ये मेथी आली, ती थोडी पिवळी पडली होती, लोह घातल्यावर नवी पानं हिरवी निघाली. कुंड्यांतली भरताची वांगी बादलीच्या पाण्यावर आहेत, आजी त्यांना 'मच्छीची वांगी' म्हणते आणि खात नाही. शेजारचे गुजराती काका खातात. परवा फोनवर बाबांनी विचारलं, नायट्रेट मोजायचं किट मुंबईत स्वस्त मिळतं का. रविवारी क्रॉफर्ड मार्केटला जाऊन बघणार आहे.