सहाच चिठ्ठ्या बरोबर!

टीबीच्या नव्या पेशंटला कोणती औषधं, किती आणि किती दिवस द्याल? छातीच्या विकारांचे मुंबईतले तज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धारावीतल्या खासगी डॉक्टरांकडून याची चिठ्ठी लिहून घेतली. १०६ डॉक्टरांनी मिळून औषधांच्या ६३ वेगवेगळ्या तऱ्हा लिहिल्या. बरोबर चिठ्ठ्या किती? फक्त सहा! हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला.

तुम्ही म्हणाल, पेशंट तपासायचे सोडून डॉक्टरांचीच परीक्षा कशाला? तर टीबीचे काही मोजके जंतू एखाद्या औषधाला मुळातच दाद देत नाहीत. एकच औषध दिलं, कमी दिलं किंवा मध्येच थांबवलं, की बाकीचे मरतात आणि नेमके हेच उरतात, वाढतात, खोकल्यातून दुसऱ्याकडे जातात. म्हणून साध्या टीबीतही पहिले दोन महिने चार आणि पुढचे चार महिने तीन औषधं एकत्र घ्यावी लागतात.

यात घोळ झाला की काय होतं, तेही याच डॉक्टरांनी दाखवलं. त्यांच्या टीमने हिंदुजा हॉस्पिटलमधल्या चार पेशंटची नोंद मांडली आणि २०१२ च्या सुरुवातीला ती देशभर गाजली. तपासलेलं एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हतं. ‘टोटली ड्रग रेझिस्टंट’ या नावावरून वाद झाला, सरकारने ते नाव मान्य केलं नाही. पण नाव काहीही ठेवा, पेशंट खरे होते.

ओपीडी, संशोधन आणि शिकवणं ही तीन वेगळी कामं नाहीत, हे यातून दिसतं. पेशंटमुळे प्रश्न पडतो, संशोधनातून उत्तर मिळतं. पण ते उत्तर गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत पोचलं नाही, तर उद्याचा पेशंट तोच आजार घेऊन येणार. म्हणून मेडिकलच्या दोस्तांनो, आपल्याला ठाऊक असलेलं इतर डॉक्टरांना शिकवणं हाही उपचारच आहे. आणि खासगी डॉक्टरांना सतत शिकवत राहणं ही सरकारचीही जबाबदारी आहे, एखाद्या तज्ज्ञाची हौस नव्हे.

बाकीच्यांनी काय करायचं? दोन आठवडे खोकला राहिला तर कफ सिरपवर भागवू नका, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट मिळतात. टीबी निघालाच तर लपवू नका. महिन्याभरात ताप जातो, वजन वाढतं आणि वाटतं, झालं की बरं! कोर्स सुटतो तो इथेच. रूममेटला टीबी असेल तर त्याला एकटं पाडू नका, आज गोळ्या घेतल्यास का, एवढं रोज विचारा. सहा महिने म्हणजे एक सेमिस्टर. तेवढं पूर्ण करायलाच हवं, कारण यात एटीकेटी नाही.