‘चायना माल’ म्हणून मोकळं होऊ नका

नगरच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये टोकन घेऊन बसलो होतो. माझ्या पुढचे काका पाथर्डीहून एसटीने आलेले. फोन चौदा महिन्यांचा. रात्री अपडेट झाला आणि सकाळी स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ. माझ्याही फोनचं तेच दुखणं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘‘काका, वॉरंटी संपलीये. डिस्प्ले बदलावा लागेल.’’ डिस्प्लेची किंमत फोनच्या निम्म्याहून जास्त. काका म्हणाले, ‘‘ताई, पण अपडेट तर तुमच्याच कंपनीनं पाठवला ना?’’ तिच्याकडे उत्तर नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘चायना माल आहे काका, चले तो चांद तक, नहीं तो शाम तक!’’ सगळे हसले. काकाही हसले, फोन खिशात घातला आणि गेले.

मला राग आला तो त्या हसण्याचा.

‘चायना माल’ म्हटलं की सगळे सुटतात. कंपनी सुटते, दुकानदार सुटतो, कायदा करणारे सुटतात आणि तक्रार न करणारे आपणही सुटतो. पण हाच माल चीनमध्ये विकला जातो तेव्हा काय होतं? तिथे ‘सान पाओ’ नावाचे नियम आहेत. सान म्हणजे तीन आणि पाओ म्हणजे हमी: दुरुस्ती, बदली, परतावा. मोबाइलमध्ये दोष निघाला तर सात दिवसांत पैसे परत मागता येतात, पंधरा दिवसांत फोन बदलून मागता येतो आणि वर्षभर दुरुस्ती फुकट. दोनदा दुरुस्त करूनही फोन चालला नाही, तर बदलून द्यावा लागतो. ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू सात दिवसांत कारण न सांगता परत करता येते. फसवणूक सिद्ध झाली तर किमतीच्या तिप्पट भरपाई, किमान 500 युआन. यातलं काहीही कंपनीचं औदार्य नाही, तिथला कायदा आहे. आपल्याकडे परत घ्यायचं की नाही, किती दिवसांत, हे बहुतेक वेळा विकणाराच ठरवतो. मग तो आपल्या सोयीनं ठरवतो, यात नवल काय?

आता एक उलटी गोष्ट ऐका. चीनच्या सरकारी टीव्हीवर दर 15 मार्चला, ग्राहक दिनी, एक मोठा कार्यक्रम होतो. 1991 पासून. 2013 साली त्यात ॲपलला धरलं. आरोप असा, की आयफोन दुरुस्त करताना मागचं झाकण तेवढं जुनं ठेवून बाकी सगळं बदलतात, म्हणजे नव्या फोनची नवी वॉरंटी द्यायला नको. चिनी ग्राहकाला वेगळा न्याय का, हा प्रश्न होता. 1 एप्रिलला टिम कुक यांनी चिनी भाषेत माफीचं पत्र काढलं आणि वॉरंटीचे नियम बदलले. मान्य, तो टीव्ही सरकारचा, निशाणाही सरकारच ठरवतं, आणि सरकारविरुद्धच्या तक्रारीला तिथे असा मंच नाही. मला ते राज्य नकोय. पण प्रश्न नेमका होता.

आपण 2020 च्या जूनमध्ये, गलवाननंतर, काय केलं? काही ठिकाणी चिनी टीव्ही फोडले. 29 जूनला सरकारने 59 ॲप्सवर बंदी घातली. त्या यादीत टिकटॉक होतं हे सगळ्यांना आठवतं. त्याच यादीत शाओमीचं ‘मी कम्युनिटी’ही होतं, जिथे फोनवाले एकमेकांना अडचणी विचारायचे. म्हणजे फोन विकायला मोकळीक, गाऱ्हाणं मांडायची जागा बंद! पुढे 2022 मध्ये ईडीने शाओमीच्या भारतातल्या कंपनीचे 5,551 कोटी रुपये गोठवले. ते प्रकरण परकीय चलनाच्या कायद्याचं. काकांच्या हिरव्या रेघेशी त्यातल्या एका रुपयाचाही संबंध नाही. सरकार चिनी कंपन्यांशी भांडतं ते सीमेवरून, डेटावरून, पैशांवरून. ग्राहकासाठी भांडताना मला तरी ते दिसलेलं नाही.

संस्कृतीचा फरक आहेच, नाही असं नाही. एकदा थेट चीनमधल्या विक्रेत्याकडून इअरफोन मागवले होते, एक कान बंद निघाला. उत्तर आलं, ‘डिअर फ्रेंड, व्हिडिओ पाठवा.’ पाठवला. मग, ‘वीस टक्के परत देतो, चालेल?’ मी नाही म्हटलं. तीस. अगदी मंडईतली घासाघीस! मग त्यांचं नवीन वर्ष आलं आणि डिअर फ्रेंड बराच काळ गायब. गंमत वाटते, पण नगरच्या काउंटरवर हा फरक नसतोच. तिथली मुलगी आपली, हेल्पलाइनवरचा आवाजही आपल्याच देशातला. ‘नाही’ म्हणायला शिकवलेली माणसं आपलीच आहेत.

आणि आपल्याकडे कायदा अगदीच नाही, असंही नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस बेंगळुरूत असो की नोएडात, तिला नगरला यावं लागेल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, वॉरंटी संपली म्हणून ती संपत नाही. ऑनलाइन विकणाऱ्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, असा नियम आहे. 1915 वर मराठीत बोलता येतं. जिंकालच असं मी म्हणत नाही. तारखा पडतात, आणि अकोल्याहून नगरला यायचं म्हणजे दिवस जातो.

पण पहिली पायरीच आपण चढत नाही. पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. माहितीच्या अधिकारासाठी याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा उपोषणाला बसले. सरकारकडे कागद मागायला शिकलेला हा जिल्हा काउंटरवर साधी जॉबशीट मागत नाही.

माझा नंबर आला. मी म्हटलं, जॉबशीटवर ‘अपडेटनंतर रेघ आली’ असं लिहा. मुलगी म्हणाली, ‘‘सर, सिस्टिममध्ये तसा ऑप्शनच नाहीये.’’ मग पेनाने लिहा, म्हटलं. ती आत जाऊन कुणाला तरी विचारून आली. मागची रांग वैतागली होती. शेवटी तिने लिहिलं, खाली शिक्का मारला आणि हळूच विचारलं, ‘‘सर, माझ्याही फोनला आलीये तशी रेघ. यावर तारीख टाकून ठेवायची का?’’